बदलता रोजगारबाजार आणि वाणिज्य पदवीधरांची रोजगारक्षमता

१. प्रस्तावना

बी.कॉम. झालेल्या मुलाला किंवा मुलीला नोकरी हमखास मिळते, अशी समजूत आपल्याकडील मध्यमवर्गीय व कष्टकरी कुटुंबांत अनेक वर्षे रूढ होती. बँक, विमा कंपनी, सहकारी पतसंस्था, सरकारी कचेरी किंवा निदान बाजारपेठेतील एखादी पेढी, कोठेतरी हिशेब लिहिणाऱ्या माणसाची गरज असतेच, हा त्यामागील साधा विचार होता. म्हणूनच घरातील पहिला पदवीधर पुष्कळदा वाणिज्य शाखेचा असे. आजही या शाखेकडील ओढा कमी नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार पदवी स्तरावरील एकूण विद्यार्थ्यांपैकी १३.३ टक्के विद्यार्थी वाणिज्य शाखेत होते.

परंतु पदवी आणि नोकरी यांच्यातील अंतर मात्र वाढले आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ या वर्षी देशातील १५ वर्षांवरील लोकसंख्येत बेरोजगारीचा सर्वसाधारण दर ३.२ टक्के होता, तर पदवीधरांमध्ये तो १३.४ टक्के होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालातील पदवीधर तरुणांच्या बेरोजगारीचा दर २९.१ टक्के दिला आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये हाच दर ३.४ टक्के होता. याचा अर्थ शिक्षणामुळे बेरोजगारी येते असा नव्हे. निरक्षर तरुणाला हाताला मिळेल ते काम करावेच लागते, त्याला वाट पाहणे परवडत नाही. पदवीधर मात्र आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो, आणि त्याच्या प्रतीक्षेचा खर्च घरचे लोक सोसतात. तीन वर्षांच्या फीनंतर हा दुसरा खर्च सुरू होतो व त्याची पावती कोणी देत नाही.

ही प्रतीक्षा लांबते याची कारणे अनेक आहेत. पुरेशा नोकऱ्याच निर्माण न होणे हे त्यांपैकी मोठे कारण होय, आणि ते पदवीधराच्या हाती नाही. परंतु ज्या जागा आहेत त्यांना लागणारे काम आणि पदवीधराला येणारे काम यांत जो फरक पडला आहे, तो पुष्कळ अंशी भरून काढता येतो. 'कौशल्य विकास' या विषयावर सर्वसाधारण भाषेत बरेच बोलले जाते, पण नेमके कोणते काम बदलले व त्यासाठी काय यायला हवे, हे क्वचितच सांगितले जाते. म्हणून प्रस्तुत लेखात वाणिज्य पदवीधर हे एकच उदाहरण घेऊन त्याचा विचार केला आहे.

२. रोजगारक्षमता : संकल्पना

नोकरी मिळणे आणि रोजगारक्षम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी ओळखीने, योगायोगाने किंवा तेजीच्या काळात सहजही मिळू शकते. रोजगारक्षमता म्हणजे काम मिळविण्याची, मिळालेले काम टिकविण्याची आणि कामाचे स्वरूप बदलले तर त्या बदलाबरोबर पुढे जाण्याची पात्रता होय. तिचे तीन थर मानता येतील.

अ) विषयज्ञान : नावे-जमेचे नियम, तेरीज, अंतिम खाती, कर व व्यापारी कायद्यांची मूलतत्त्वे. हा थर सर्वांत हळू बदलतो.

ब) साधनज्ञान : हिशेबाची संगणक प्रणाली, शासकीय पोर्टल, स्प्रेडशीट इत्यादी. हा थर सर्वांत वेगाने बदलतो.

क) कार्यवृत्ती : तपासून पाहण्याची सवय, स्पष्ट लिहिणे-बोलणे, वेळ पाळणे, सचोटी, नवे शिकण्याची तयारी. हा थर एकदा अंगी बाणला की सहसा जुना होत नाही.

महाविद्यालये प्रामुख्याने पहिला थर शिकवितात. खाजगी क्लासेस दुसरा थर विकतात. तिसरा थर विद्यार्थी आपोआप शिकेल असे सर्वजण गृहीत धरतात. पदवीधर मुलाखतीत किंवा कामाच्या पहिल्या तीन महिन्यांत अडखळतो तो बहुधा येथेच.

३. हिशेबाचे काम कसे बदलत गेले?

जुन्या पेढीवरील दिवाणजी किंवा मुनीम कीर्द-खतावणी लिहीत असे. सुवाच्य अक्षर, तोंडी हिशेब आणि मालकाचा विश्वास ही त्याची तीन भांडवले होती. बंगळूरमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या कंपनीची टॅली ही प्रणाली पुढील काळात देशभरातील दुकानांत व कारखान्यांत पोहोचली. बेरजा व खतावणी संगणक करू लागला. माणसाचे काम नोंद भरण्याचे राहिले. त्या काळात 'टॅली येते' एवढे वाक्य अर्जावर असले तरी नोकरी मिळत असे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी लागू झाला आणि या कामात मूलभूत फरक पडला. तोपर्यंत एका दुकानाचा हिशेब त्या दुकानापुरता असे. आता खरेदीदाराचा हिशेब पुरवठादाराच्या हिशेबाशी पोर्टलवर जोडला गेला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या उद्योगांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवर आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशीच हिशेब प्रणाली वापरणे बंधनकारक झाले, की जिच्यात प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. दुसरीकडे २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे छोट्या दुकानाच्या बँक खात्यातही दिवसाला शेकडो लहान नोंदी जमा होऊ लागल्या व बँक जुळवणी पत्रक हा केवळ परीक्षेतील प्रश्न राहिला नाही.

या सर्व बदलांचा मथितार्थ एकच आहे. नोंद करण्याचे काम यंत्राकडे जात आहे, आणि नोंद बरोबर आहे की नाही हे पाहण्याचे, चूक शोधण्याचे व ती दुसऱ्याला समजावून दुरुस्त करून घेण्याचे काम माणसाकडे उरले आहे. आजच्या वाणिज्य पदवीधराची रोजगारक्षमता या उरलेल्या कामावर अवलंबून आहे.

४. एक उदाहरण

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान फाउंड्रीने सप्टेंबर महिन्यात कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून २,००,००० रुपयांचे पिग आयर्न घेतले असे समजू. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आल्याने त्यावर १८ टक्के दराने ३६,००० रुपये आयजीएसटी लागला. त्याच महिन्यात फाउंड्रीच्या स्वतःच्या विक्रीवरील कर ५०,००० रुपये झाला. मालकाचा अंदाज असा की, ३६,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट वजा जाऊन १४,००० रुपये भरावे लागतील.

आता पुरवठादाराने आपल्या विक्रीचे विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरले पाहिजे. त्यावरून १४ तारखेला खरेदीदाराच्या खात्यात जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होते. मासिक विवरण भरणाऱ्या खरेदीदाराला २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर द्यावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासूनच्या तरतुदीनुसार जे बिल पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखविलेले नाही व म्हणून २बी मध्ये आलेले नाही, त्याचे क्रेडिट घेता येत नाही. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने विवरण भरले नसेल, तर बिल हातात असूनही, इतकेच नव्हे तर पैसे चुकते केलेले असूनही, फाउंड्रीला त्या महिन्यात पूर्ण ५०,००० रुपये भरावे लागतील. ३६,००० रुपये पुढील महिन्यापर्यंत अडकून पडतील. लहान कारखान्यात एवढी रक्कम पगाराच्या दिवशी जाणवते.

अशा वेळी दोन प्रकारचे कर्मचारी दिसतात. पहिला २० तारखेला विवरण भरताना 'बिल दिसत नाही' असे मालकाला सांगतो. त्याने नोंद अचूक केलेली असते, त्यामुळे त्याची चूक काढता येत नाही, पण त्याचा उपयोगही होत नाही. दुसरा महिना संपताच मोठ्या खरेदीची यादी काढतो आणि ११ तारखेपूर्वी पुरवठादाराला फोन करून विवरण भरल्याची खात्री करून घेतो. पुरवठादार तिमाही विवरण भरणारा असेल, तर त्याने त्या महिन्याची बिले १३ तारखेपर्यंत वेगळ्या सुविधेतून चढविणे आवश्यक आहे, हेही त्याला ठाऊक असते. दोघांची पदवी एकच, कदाचित गुणही सारखेच. तथापि बाजारात दुसऱ्याला मागणी आहे.

५. आवश्यक कौशल्ये

५.१ तपासणी व ताळमेळ

वरील उदाहरणात बिल न दिसण्याचे कारण दरवेळी पुरवठादाराचा उशीर हेच असते असे नाही. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, मध्य प्रदेश २३, गुजरात २४, तेलंगण ३६. पुढील दहा अंकाक्षरे पॅन क्रमांकाची असतात. एकाच पॅनवर दोन राज्यांत नोंदणी असलेल्या ग्राहकाच्या बिलावर चुकून दुसऱ्या राज्याचा क्रमांक पडला, तर क्रेडिट भलत्याच खात्यात दिसते. हे ज्याला ठाऊक आहे तो बिल हातात येताच पहिले दोन अंक पाहतो.

सीमाभागातील व्यापारात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बेळगावहून पणजीला किंवा सावंतवाडीला पाठविलेला माल हा आंतरराज्य पुरवठा होय व त्यावर आयजीएसटी लागतो. नेहमीच्या सवयीने केंद्र व राज्य कराचे दोन भाग लावले, तर योग्य कर पुन्हा भरून चुकीच्या कराचा परतावा मागावा लागतो. पैसे बुडत नाहीत, पण अडकतात आणि कागदपत्रांचे काम वाढते.

तपासणीचे कौशल्य म्हणजे केवळ नियम पाठ असणे नव्हे. 'हा आकडा एवढा कसा?' असा प्रश्न स्वतःला विचारण्याची ती सवय आहे. विजेचे बिल गेल्या महिन्याच्या दुप्पट कसे, रोख शिल्लक उणे कशी दिसते, एकाच रकमेची दोन बिले एकाच दिवशी कशी, हे प्रश्न संगणकाला आपणहून पडतीलच असे नाही.

५.२ कायदा व परिपत्रक वाचण्याची क्षमता

पाठांतरावर उभे राहिलेले ज्ञान किती लवकर कालबाह्य होते, याचे ठळक उदाहरण प्राप्तिकर कायद्याचे आहे. १९६१ च्या कायद्यातील १९४-सी, १९४-जे ही टीडीएसची कलमे वाणिज्य विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये ५३६ कलमे आहेत. वेतनाखेरीज इतर रकमांवरील टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र आणल्या आहेत. 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' या दोन संज्ञांऐवजी 'कर वर्ष' ही एकच संज्ञा आली. जीएसटीमध्येही २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ व १८ टक्के हे मुख्य दर राहिले.

ज्याने केवळ कलमांचे आकडे व दर लक्षात ठेवले, त्याचे ज्ञान अशा एका दिवसात जुने होते. टीडीएस कशासाठी कापतात, कोणी कापायचा, कोणत्या घटनेपाशी कापायचा हे ज्याला समजले आहे, त्याला नवा क्रमांक शोधायला दहा मिनिटे पुरतात. म्हणून अधिसूचना किंवा परिपत्रक स्वतः उघडून वाचणे, त्यातील लागू होण्याची तारीख, अटी व अपवाद वेगळे काढणे, हे कौशल्य पदवीच्या काळातच यायला हवे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबून विवरण भरणारा माणूस मालकाला अडचणीत आणतो.

५.३ स्प्रेडशीटवरील काम

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार देशातील सुमारे ७५ टक्के तरुणांना जोडपत्रासह ई-मेल पाठविता येत नव्हता, ६० टक्के तरुणांना फाइल कॉपी-पेस्ट करता येत नव्हती आणि ९० टक्के तरुणांना स्प्रेडशीटमध्ये गणिती सूत्र घालता येत नव्हते. ही आकडेवारी सर्व तरुणांची आहे, केवळ पदवीधरांची नव्हे. तरीही मोबाईल सफाईने हाताळणारी पिढी संगणकावरील कार्यालयीन कामात आपोआप तरबेज होते, हा समज चुकीचा असल्याचे त्यावरून दिसते.

खरेदी नोंदवही व २बी यांचा ताळमेळ घालताना दोन याद्या समोरासमोर ठेवाव्या लागतात. त्यासाठी एका यादीतील बिल क्रमांक दुसरीत शोधणारे व्हीलूकअपसारखे सूत्र, अटीनुसार बेरीज आणि पिव्होट टेबल एवढे आले तरी बहुतांश काम निभते. मात्र खरी अडचण सूत्रांत नसून माहितीच्या अस्वच्छतेत असते. एका यादीत बिल क्रमांक '००४५' आणि दुसरीत '४५' असतो. कोठे दिनांकात महिना आधी असतो, तर कोठे नावापुढे एक रिकामी जागा राहून गेलेली असते. डोळ्यांना दोन्ही नोंदी एकच दिसतात, संगणकाला त्या वेगळ्या वाटतात. हे हाताने करून पाहिल्याशिवाय समजत नाही. यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही, लिबर ऑफिस कॅल्कसारखी विनामूल्य प्रणालीही सरावाला पुरते.

५.४ लेखन, संवाद व बहुभाषिकता

मुलाखतीतील 'कम्युनिकेशन स्किल' म्हणजे अस्खलित इंग्रजी बोलणे, असा समज मराठी व उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात घर करून असतो आणि त्यापायी अनेक जण अर्जच करीत नाहीत. इंग्रजी आवश्यक आहे हे खरे. शासकीय पोर्टल, परिपत्रके व कंपन्यांचा पत्रव्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत चालतो. परंतु हिशेबाच्या कामात लागणारे इंग्रजी हे मर्यादित शब्दसंग्रहाचे, ठरावीक रचनेचे व नेमके असते. ते सहा महिन्यांच्या नियमित सरावाने येऊ शकते.

चांगल्या व्यावसायिक पत्राची कसोटी भाषेच्या डौलात नसते. वाचणाऱ्याला काय करायचे आहे ते पहिल्या वाचनात कळले पाहिजे. उदाहरणार्थ : "आपले दि. १० सप्टेंबरचे बिल क्र. ४५, कराची रक्कम रु. ३६,०००, आमच्या २बी मध्ये दिसत नाही. आपण विवरणात आमचा जीएसटी क्रमांक बरोबर भरला आहे का, हे कृपया तपासावे व उद्या सायंकाळपर्यंत कळवावे." कोणते बिल, किती रक्कम, अडचण काय, अपेक्षा काय आणि कधीपर्यंत, या पाच गोष्टी त्यात आल्या. हेच पत्र विद्यार्थ्याला मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहिता आले पाहिजे.

येथे महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांकडे एक जमेची बाजू आहे, तिची त्यांना स्वतःलाच पुरेशी जाणीव नसते. बेळगावचा तरुण घरी मराठी किंवा दख्खनी, बाजारात कन्नड, कचेरीत हिंदी-इंग्रजी बोलतो. गोव्यात कोकणी व मराठी सोबत चालतात. बडोद्याचा मराठी विद्यार्थी गुजराती सहज बोलतो, हैदराबादचा तेलुगू व उर्दू जाणतो. दोन राज्यांत व्यापार करणाऱ्या उद्योगाला वाहतूकदार, पुरवठादार व कर कार्यालय या सर्वांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस हवा असतो. आपल्या अर्जात 'भाषा' या रकान्यात केवळ नावे न लिहिता कोणत्या भाषेत बोलता येते व कोणत्या भाषेत पत्रव्यवहार करता येतो, हे स्वतंत्रपणे नमूद करावे.

५.५ सचोटी व गोपनीयता

हिशेबनीसाच्या हाती मालकाचे पासवर्ड, डिजिटल स्वाक्षरी आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराची माहिती असते. जुन्या मुनिमाकडे तिजोरीची किल्ली असे, त्याचेच हे नवे रूप होय. येथे नवख्या पदवीधरापुढे खरा पेच उभा राहू शकतो. माल न देता केवळ बिल फाडणे किंवा तसे बिल घेऊन क्रेडिट लाटणे हा जीएसटी कायद्यानुसार गुन्हा आहे. कलम १२२ नुसार अशा कृत्याला साहाय्य करणाऱ्या व्यक्तीलाही दंड होऊ शकतो. 'साहेबांनी सांगितले म्हणून केले' हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही.

पहिलीच नोकरी, घरची गरज आणि मालकाचा आदेश अशा स्थितीत नाही म्हणणे कठीण असते, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच कायद्याची माहिती, लेखी सूचना मागण्याची सवय आणि ज्येष्ठ सनदी लेखापालांचा किंवा करसल्लागाराचा आधार घेण्याची वृत्ती यांचा समावेश रोजगारक्षमतेतच करावा लागतो. बदलाचा माग ठेवणाऱ्या प्रणालीत केलेली नोंद मागाहून पुसता येत नाही, हेही विसरून चालणार नाही.

५.६ कृत्रिम बुद्धिमत्ता व शिकत राहण्याची तयारी

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हिशेबाचे काम संपणार, अशी भीती विद्यार्थी व पालकांत वाढली आहे. बिलाचे छायाचित्र वाचून नोंद सुचविणाऱ्या प्रणाली वापरात आल्या आहेत, हे खरे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत कामगारांच्या मूलभूत कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये बदलतील, असा अंदाज आहे. त्याच अहवालात नियोक्त्यांनी सर्वाधिक महत्त्व विश्लेषणात्मक विचाराला दिले आहे.

या साधनांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ती चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. अस्तित्वात नसलेले कलम किंवा जुना दर ती सफाईदार वाक्यात सांगू शकतात. ज्याचा विषयज्ञानाचा पाया पक्का आहे, त्याच्या हाती हे साधन काम वेगाने करते. ज्याचा पाया कच्चा आहे, तो तेच उत्तर विवरणात भरून मोकळा होतो. याशिवाय ग्राहकाची माहिती कोणत्याही बाहेरील प्रणालीत परवानगीशिवाय टाकू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा.

६. स्थानिक रोजगारबाजाराची ओळख

रोजगारक्षमता स्थळानुसारही बदलते. बेळगावच्या फाउंड्री व यंत्रशाळांत जॉबवर्कचे चलन व कच्च्या मालाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. गोव्याच्या हॉटेल व्यवसायात दिवसाचे व्यवहार रात्री मिटवणारे नाइट ऑडिटचे काम असते. वेर्णा येथील औषध कारखाने, इंदूरजवळचे पीथमपूर, ग्वाल्हेरजवळचे मालनपूर आणि बडोद्याभोवतालचे रसायन व अभियांत्रिकी उद्योग यांत साठा व उत्पादन खर्चाची नोंद लागते. हैदराबादेतील जागतिक कंपन्यांच्या सेवा केंद्रांत परदेशी पुरवठादारांची बिले तपासून देण्याचे काम चालते आणि तेथे लेखी इंग्रजी व वेळेची शिस्त यांना अधिक वजन असते. विद्यार्थ्याने आपल्या शहरापासून ५० किलोमीटरच्या परिसरात कोणते उद्योग आहेत व त्यांचे हिशेब कसे चालतात, एवढी माहिती पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मिळविली तरी तयारीला दिशा मिळते.

नोकरी हा एकच मार्ग नाही, हेही लक्षात घ्यावे. जीएसटी नियमावलीतील नियम ८३ नुसार वाणिज्य पदवीधराला विहित अटी पूर्ण करून जीएसटी व्यवसायी म्हणून नोंदणी करता येते. घराबाहेर पूर्णवेळ जाणे शक्य नसलेल्या पदवीधर मुलींना परिसरातील चार-पाच लहान दुकानांचे हिशेब व विवरणे सांभाळण्याचा पर्याय यातून उपलब्ध होतो.

७. काही उपाय

१) विद्यार्थ्यांनी नात्यातील किंवा ओळखीच्या दुकानदाराचा एका महिन्याचा हिशेब, त्याच्या संमतीने, पूर्ण तयार करावा : खरेदी-विक्री नोंद, बँक जुळवणी, कराची आकडेमोड आणि मालकाला समजेल असा एक पानी सारांश. मुलाखतीत हे एक काम दाखविता आले, तर तीन प्रमाणपत्रांपेक्षा ते अधिक बोलते.

२) महाविद्यालयांनी तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात पुस्तकातून उतरविलेल्या मजकुराऐवजी काल्पनिक संस्थेच्या मुद्दाम चुका घातलेल्या नोंदी द्याव्यात व त्या शोधण्यास सांगावे. गुण चुका शोधण्याला व त्या लेखी समजावण्याला असावेत.

३) शिकाऊ उमेदवारीचा लाभ घ्यावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज इतर पदवीधरांनाही ही संधी खुली झाली. शिकाऊ काळात विद्यावेतन मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी समाविष्ट करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. महाविद्यालयांनी स्थानिक उद्योगांशी व लेखापालांच्या कार्यालयांशी यासाठी करार करावेत.

४) २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या शासकीय मंचावरील अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शुल्क असते. खाजगी क्लासला मोठी रक्कम भरण्यापूर्वी हा पर्याय तपासावा. '१०० टक्के नोकरीची हमी' अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेकडे मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना कोठे व कोणत्या पदावर नोकरी लागली, हे विचारावे.

५) पालकांनी पहिल्या नोकरीचा पगार हाच एकमेव निकष मानू नये. लेखापालांच्या कार्यालयात कमी पगारावर काढलेल्या एका वर्षात अनेक व्यवसायांचे हिशेब पाहायला मिळतात. अर्थात शिकवणे थांबले व केवळ राबवून घेणे सुरू झाले, तर तेथे थांबण्यात अर्थ नाही.

६) अध्यापकांनी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष विवरण भरण्याची प्रक्रिया जवळून पाहावी. पाठ्यपुस्तक छापून येईपर्यंत नियम बदललेला असतो, ही आजची वस्तुस्थिती आहे.

८. समारोप

सारांश, वाणिज्य पदवीचे मोल संपलेले नाही, परंतु ते आता वेगळ्या ठिकाणी आहे. नावे-जमेचे मूलतत्त्व जाणणारा, आकड्याकडे शंकेने पाहणारा, कायद्याचा मजकूर स्वतः वाचणारा, दोन-तीन भाषांत नेमके लिहिणारा आणि चुकीच्या नोंदीला नाही म्हणू शकणारा पदवीधर उद्याची कोणतीही प्रणाली शिकून घेईल. टॅलीपूर्वीच्या पेढीवर चांगल्या दिवाणजीची ओळख हीच होती : त्याची वही मालकाला पुन्हा तपासावी लागत नसे. वहीची जागा पोर्टलने घेतली, कसोटी मात्र तीच राहिली आहे. या कसोटीला उतरण्याची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून झाली, तर पदवीनंतरची प्रतीक्षा पुष्कळ कमी होईल आणि ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन फी भरली, त्या घराला तिचे फळ वेळेवर मिळेल.